कवळीवाल्याची टवळी

त्या भागातली निम्मी म्हातारी माणसं कवळीवाल्याच्या दातांनी हसतात. दातांचा डॉक्टर पुढच्या मोठ्या रस्त्यावर बसतो. तोंड उघडायला लावतो, माप घेतो आणि मोकळा होतो. खरी कवळी घडते ती मागच्या गल्लीतल्या बारक्या खोलीत. तिथे खिडकीपाशी बसून कवळीवाला प्लास्टर कालवतो, गुलाबी मेणाच्या पट्ट्या दिव्यावर मऊ करतो, त्यात एकेक दात रोवतो आणि मान तिरकी करून बघतो. ओळ नीट बसली की स्वतःशीच हसतो. समोर बिनतोंडाची कवळी हसतेय, इकडे हा हसतोय. नवखा माणूस दारातूनच परत फिरायचा.

बाकी माणूस अगदी सरळ. अंगाने काडी, बोटं कायम गुलाबी, वरच्या खिशात मेण कापायची छोटी सुरी. माणसाचं नाव विसरेल, पण त्याच्या वरच्या ओळीत डावीकडे फट होती हे जन्मात विसरणार नाही. कुठल्या समारंभाला गेला की यजमान राहिले बाजूला, हा पाहुण्यांच्या तोंडाकडे बघत उभा. घरी आल्यावर बायको विचारायची, "कोणी ओळखीचं भेटलं का?"

"भेटल्या ना. दोन वरच्या, एक खालची."

बायको शाळेच्या ऑफिसात होती. शाळेची घंटा तिच्या हातात, त्यामुळे तिचं बोलणंही घंटेसारखं. एकदा वाजली की वाजली, मागे घेणं नाही.

कवळीवाल्याला व्यसन म्हणाल तर एकच, त्याची गाडी. लाल, बुटकी, डोक्यावर छप्पर नाही, दोनच माणसं बसतील अशी जुनी स्पोर्ट्‌स कार. एका गिऱ्हाइकाला उतारवयात तिच्यात वाकून बसणं जमेना, म्हणून त्याने ती ह्याच्या गळ्यात घातली. ह्याने गळा आनंदाने पुढे केला. बायकोने पहिल्याच दिवशी तिच्याभोवती एक फेरी मारली. नाक वर, आवाज मोठा, नखरा उदंड आणि कामाच्या नावाने बोंब. "टवळी आहे नुसती," ती म्हणाली. तेच नाव पडलं. तेव्हापासून घरात एक कवळी नि एक टवळी, आणि नवऱ्याचं सगळं लक्ष दोघींकडे.

तरी बायकोने तेही चालवून घेतलं असतं. अडचण होती ताईच्या घराची.

ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण. राहते टेकडीच्या माथ्यावर, स्वतःच्या बंगल्यात. ताईचे यजमान विम्याचं काम करत. सगळे त्यांना विमावाले म्हणत. एवढा जपून वागणारा माणूस शोधून सापडायचा नाही. पायरी उतरताना कठडा धरायचे, आणि कठड्यावर विश्वास नाही म्हणून दुसऱ्या हाताने भिंत. त्यांची गाडी पांढरी, मोठी, आणि बैठकींवरचं दुकानातलं प्लास्टिक अजून तसंच.

टेकडीचा रस्ता चढत चढत पाण्याच्या टाकीपाशी येतो आणि तिथे झटकन वळतो. वळणाच्या आतल्या अंगाला खड्डा. टवळी तिथवर डौलात जायची. वळणावर आतलं मागचं चाक उचललं जायचं आणि गरागरा फिरायला लागायचं. दुसरं चाक ढिम्म. इंजिन बोंबलतंय, धूळ उडतेय, गाडी जागची हलत नाही. मग बायकोने उतरायचं, ठेवणीतल्या कपड्यांवर, आणि मागून ढकलायचं. वर गच्चीत ताई हातात चहाचा कप घेऊन उभी. ती त्या वेळेला नेमकी गच्चीत कशी असायची हे कोडं नव्हतं. टवळीचा आवाज पायथ्यापासून ऐकू यायचा.

आणि वर पोहोचलं की ताईचं ठरलेलं वाक्य, मायेनं, कपाळावरची धूळ पुसत, "अगं छोटे, फोन तरी करायचास! ह्यांना पाठवलं असतं."

त्या वाक्याने छोटीचे दात-ओठ एक व्हायचे. छोटीचं वय आता असं की नातवंडं तिला आजी म्हणायची, पण ताईपुढे ती छोटीच.

त्या वर्षी ताईला साठावं लागणार होतं. दुपारी जेवण, पंचवीसेक माणसं, सगळी गच्चीत. निमंत्रण आलं त्याच संध्याकाळी बायकोने घंटा वाजवली.

"ऐका. ह्या वेळी मी वर जाणार ती बसून जाणार. रस्त्यात एक पाऊल जरी खाली टेकवावं लागलं, तर त्यानंतरच्या सोमवारी टवळी भंगारवाल्याकडे. मी त्याला सांगूनसुद्धा आले."

"सांगूनसुद्धा?"

"सोमवार सकाळ. आला की काहीतरी देणार. काय द्यायचं ते तुमची टवळी ठरवेल."

 दुसऱ्या दिवशी प्लास्टर कालवताना कवळीवाल्याने पाण्याऐवजी चहा ओतला. एका निवृत्त मास्तरांच्या जबड्याचा साचा बदामी झाला.

तो तडक गॅरेजात गेला. तिथल्या मिस्त्रीचं नाव पडलं होतं, 'होतंय मिस्त्री'. गाडी झाली का विचारा, होतंय. पाऊस थांबला का विचारा, होतंय. मिस्त्रीने टवळीला जॅकवर चढवलं, खाली सरपटला आणि मागच्या दोन चाकांच्या मधल्या लोखंडी गोळ्यावर पान्याने टकटक केलं.

"दुखणं इथं आहे. ह्याला म्हणायचं डिफरन्शियल."

बायकोही आली होती. आपल्या इज्जतीचा निकाल कुठल्या गोळ्यात अडकलाय ते तिला बघायचं होतं.

"बघा वहिनी," मिस्त्री खालूनच म्हणाला, "वळताना बाहेरच्या चाकाला जास्त धावावं लागतं, आतल्याला कमी. म्हणून हा दोघांना आपापल्या चालीनं फिरू देतो. पण स्वभावाने फार मऊ. जे चाक हवेत आहे, ते नुसतंच गरगरतं, आणि हा म्हणतो, फिर बाळा, घे सगळा जोर. जे जमिनीवर पाय रोवून उभं आहे, त्याला काही नाही."

"म्हणजे आमच्या आईसारखा," बायको म्हणाली. "ताई काडी हलवायची नाही, आणि दुधावरची साय तिलाच."

"अगदी तसाच. आता ह्याच्या जागी कडक स्वभावाचा बसवायचा. लिमिटेड स्लिप म्हणतात. एक चाक उंडगेपणा करायला लागलं की तो त्याला दुसऱ्याशी जखडतो. चल म्हणतो, दोघं मिळून."

"मग बसवा की!"

"होतंय. पण त्यात दोन जाती."

आणि इथून कवळीवाल्याची झोप गेली.

एक जात नुसत्या गियरांची. शांत, सोज्वळ, वळताना हूं नाही की चूं नाही, वर्षानुवर्षं काही मागत नाही. पण दोन्ही चाकं जमिनीला थोडी तरी टेकलेली पाहिजेत. एक पुरतं हवेत गेलं की ही जातसुद्धा हात टेकते. दुसरी जात प्लेटांची. आत चकत्या एकमेकींवर दाबून बसवलेल्या. चाक हवेत जावो नाहीतर आणि कुठे, ती सोडत नाही. मात्र तेल वेगळं लागतं, चकत्या झिजतात, आणि हळू गाडी वळवताना आतून कण्हल्यासारखा आवाज येतो.

"तो बिघाड नाही," मिस्त्रीने बजावलं. "तो तिचा स्वभाव."

घरी नुसतं तेच. भाजी चिरताना गियर, कपडे वाळत घालताना प्लेटा. "टवळीचं चाक वळणावर टेकतं का उचलतं, एवढंच कळलं पाहिजे," कवळीवाला म्हणायचा.

"मी ढकलत असते तेव्हा बघायला हवं होतंत."

"तू ढकलतेस तेव्हा मी पुढे बघत असतो."

"ते माहितीय."

शेवटी तोडगा सुचला तो त्याच्या धंद्यातूनच. नवी कवळी बसवली की कुठला दात टेकतो नि कुठला नाही, हे बघायला त्याच्याकडे नेहमीची रीत होती. मेणाची पट्टी मध्ये ठेवायची, चावायला लावायचं, आणि खुणा वाचायच्या. रस्ता म्हणजे खालचा जबडा, गाडी म्हणजे वरचा. टवळीला चावायला लावू!

उन्हं उतरल्यावर तो मिस्त्रीला घेऊन टाकीपाशी गेला. पिशवीतून गुलाबी मेणाच्या पट्ट्या काढल्या. त्या रस्त्याला चिकटेनात, तर बारक्या गॅसच्या दिव्याने खालून ऊब देऊन, अंगठ्याने दाबून, कडा सुरीने साफ करून, एखाद्या तोंडात बसवाव्यात तशा वळणभर बसवल्या. मग धाव घेऊन टवळी वर नेली, मिस्त्रीने मागून रेटली. गाडी गेल्यावर दोघं गुडघ्यांवर बसले. मागचं चाक पुढच्यापेक्षा जरा आतून वळतं, त्यामुळे दोघांच्या खुणा वेगळ्या कळत होत्या. बाहेरच्या चाकाने मेणात खोल नक्षी उमटवली होती. आतल्या मागच्या चाकाच्या वाटेवरचं मेण कोरं. तान्ह्या बाळाच्या हिरडीसारखं.

"पुरतं हवेत," कवळीवाला म्हणाला. "चावाच नाही!"

"प्लेटांची मग?"

"प्लेटांची. कण्हू दे. माझी निम्मी गिऱ्हाइकं कण्हतात."

एक घोडं न्हालं. दुसरं उभंच होतं.

डिफरन्शियल उघडायचाच, तर त्यातली दात्यांची जोडीही बदलावी, असं मिस्त्रीचं मत. एक लहान चाक, एक मोठं. लहान बरेच वेळा फिरतं तेव्हा मोठं एकदा फिरतं. मिस्त्रीने फडक्यावर दोन जुन्या जोड्या मांडल्या. कवळीवाल्याने सवयीने दात मोजले. पहिल्या जोडीत लहानाला दहा, मोठ्याला त्रेचाळीस. दुसरीत अकरा नि एकोणचाळीस.

"दहा-त्रेचाळीस लावलीत," मिस्त्री म्हणाला, "तर टवळी भिंत चढेल. पण मोकळ्या रस्त्यावर इंजिन नुसतं किंचाळत राहील, आणि पळणार बेताचीच. अकरा-एकोणचाळीस लावलीत, तर सरळ रस्त्यावर अशी जाईल की लोक म्हणतील, काय गेलं हो लाल? पण चढाला धापा टाकेल."

कवळीवाला अकरा-एकोणचाळीसकडे बघत राहिला. त्याचं एक स्वप्न होतं, ते त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. एकदा सकाळी लांब सरळ रस्त्यावर टवळीला मोकळं सोडायचं आणि त्या दुधाच्या टेम्पोला मागे टाकायचं. तो टेम्पो रोज त्याला मागे टाकायचा. टाकताना भोंगाही वाजवायचा. टेम्पोवाल्याचे दात स्वतःचे होते, म्हणून त्याला माज.

त्याने ती जोडी हातात घेतली. दाते कसे एकसारखे, झीजही सुरेख. पुन्हा खाली ठेवली. पुन्हा उचलली.

बायको गॅरेजच्या दारात उभी होती. तिला सगळं कळलं असावं, कारण ती नेहमीपेक्षा हळू बोलली. "तुम्हाला ती आवडलीय ना?"

"आवडायचं काय त्यात? लोखंड आहे." त्याने दहा-त्रेचाळीस पुढे सरकवली. "ही बसवा. वर जायचंय."

"रस्त्यावर किंचाळेल म्हणतात."

"हो."

"किंचाळू दे. मी शेजारी असते. कोण किंचाळतंय ते कुणाला कळणारे?"

होतंय होतंय करत एकदाचं झालं. पहिल्या संध्याकाळी टवळी टाकीचं वळण अशी चढली, जशी तिथे वळणच नव्हतं. कवळीवाल्याचे डोळे भरून आले. इथे दुसरा कोणी असता तर घरी जाऊन झोपला असता. पण हा कवळीवाला. कवळी दिल्यावर गिऱ्हाइकाला पुन्हा पुन्हा बोलवायचं, घासून बघायचं, परत चावायला लावायचं, ही त्याची रीत. तो रोज संध्याकाळच्या गारव्यात नव्या पट्ट्या घेऊन टेकडीवर. रोज नवं मेण, रोज नवा चावा. जुन्या पट्ट्या रस्त्याला घट्ट चिकटलेल्या, गार आणि कडक. सुरीने निघेनात. "राहू देत," तो म्हणाला, "जातील चाकांना लागून." गेल्या कुठे? येणाऱ्या-जाणाऱ्या चाकांनी त्या सारवल्यासारख्या वळणभर पसरल्या. वर धूळ बसली. कोणाला दिसेना, त्यालाही नाही.

ताईच्या वाढदिवशी ऊन असं पडलं की कावळेसुद्धा सावली सोडेनात.

बायकोने नवे टाचेचे सँडल घातले. मुद्दाम. ते घालून ढकलताच येऊ नये असे. डोक्याला रुमाल बांधून ती टवळीत बसली, मांडीवर ताईची भेटवस्तू. खालच्या रस्त्यावर इंजिन एवढं किंचाळलं की दुधाच्या टेम्पोवाल्याने घाबरून बाजू दिली. कवळीवाल्याला वाटलं, चला, हेही झालं.

चढ सुरू झाला. टवळी बकरीसारखी निघाली. वर गच्चीत कठड्याला धरून पंचवीस माणसं, मध्ये ताई, हातात कप. टाकी आली. वळण आलं. कवळीवाल्याने चाक वळवलं, आतून कण्हल्याचा आवाज आला, आणि तेवढ्यात त्याला रस्ता चकाकताना दिसला.

गुलाबी. उन्हाने मऊ झालेलं मेण वरची धूळ गिळून वर आलं होतं. रंग त्याने लगेच ओळखला. निरोगी हिरडी, मध्यम छटा.

आता नव्या डिफरन्शियलचा गुण असा की तो दोन्ही चाकांना बरोबर फिरवतो. मेणावरही त्याने तेच केलं. पूर्वी एक चाक घसरायचं, आता दोन्ही घसरली, अगदी एकदिलाने. टवळीचा मागचा भाग डौलात बाहेर निघाला, आणखी निघाला, आणि गाडी गिरकी घेऊन, मेणाच्या पलीकडे जाऊन, तोंड खाली नि पाठ वर करून थांबली.

 कवळीवाल्याची दातखिळी बसली. बायकोने दोन्ही पाय उचलून पुढच्या खणावर ठेवले होते. चुकूनही जमिनीला लागायला नकोत.

"अहो."

"काय?"

"हा रस्ता हिरडीच्या रंगाचा का आहे?"

"नंतर सांगतो."

"सांगू नका. कळलं."

वरून ताईचा आवाज तरंगत आला, "छोटेऽऽ! फोन करायचास ना!"

कवळीवाला कासावीस झाला. "मी खाली जाऊन पुन्हा धाव घेऊ?"

"पुन्हा त्याच हिरडीवरून? मागची चाकं कुठायत आत्ता?"

त्याने वाकून बघितलं. "वरच्या बाजूला. कोरड्या रस्त्यावर."

"जोर कोणाला मिळतो? मागच्यांना ना? मग अशीच न्या. उलटी."

"उलटी? सगळे बघतायत!"

"मी पाय खाली ठेवलेला बघण्यापेक्षा बरं. घाला गियर."

त्याने रिव्हर्स टाकला. मागचं ते दहा-त्रेचाळीसचं लोखंड दातात दात घालून उभं राहिलं, प्लेटांनी दोन्ही चाकं घट्ट धरली, आणि टवळी पाठमोरी टेकडी चढायला लागली. इंजिन किंचाळतंय, चाक जरा वळवलं की आतून गुळण्या करणाऱ्या आजोबांचा आवाज, कवळीवाला मान मोडेस्तोवर मागे वळलेला, आणि बायको खालच्या शहराकडे तोंड करून, पाय वर, मांडीवर भेटवस्तू, सिंहासनावर बसल्यासारखी. फाटकातून आत, अंगणातून सरळ, ओट्याच्या पायरीला खेटून टवळी थांबली. बायकोने पाऊल टाकलं ते थेट पायरीवर. रस्त्याचा कण लागला नाही.

गच्चीतून टाळ्या पडल्या. पाहुण्यांना वाटलं, हा ताईसाठी बसवलेला कार्यक्रम.

ताई धावत खाली आली. "अगं छोटे, हे काय गं? पाठमोऱ्या?"

"दर वेळी तू मला टवळीच्या पाठीमागे ढकलताना बघतेस ना, म्हटलं आज टवळीची पाठच बघ. वाढदिवसाची तेवढीच गंमत."

 ताई हसली. कवळीवाल्याने पाहिलं, तिच्या मागच्या दोन दाढा हलत होत्या. 

जेवणं होत आली तरी केक आला नव्हता. विमावाले आणायला गेले होते. फोन वाजला. ताईने ऐकलं, आणि तिचा चेहरा उतरला. "हे टाकीपाशी अडकलेत. गाडी घसरतेय म्हणतात. केकसुद्धा घसरतोय."

कवळीवाल्याने मान खाली घातली. बायकोने त्याच्या पायावर टाच ठेवली. "तोंडातून एक शब्द निघाला तर बघा," ती ओठ न हलवता पुटपुटली. मग मोठ्याने, "चला हो, दोर घ्या."

गच्चीवरचा कपडे वाळवायचा दोर दुहेरी केला. टवळी आता तोंड वर करून, मेणाच्या अलीकडे कोरड्यावर उभी राहिली. पांढरी गाडी खाली गुलाबी रस्त्यावर, आत विमावाले दोन्ही हातांनी केक धरून, घामाघूम.

"साडूभाऊ, हँडब्रेक काढा!"

"काढला तर मागे जाईन ना!"

"नाही काढलात तर मी दोर तोडेन ना!"

काढला. दोर ताणला, टवळी थरथरली, कण्हली, किंचाळली, आणि आपल्या दुप्पट गाडी गोगलगायीच्या चालीने ओढत मेणाबाहेर घेऊन आली. गच्चीतून ताई बघत होती. ह्या वेळी हातात कप नव्हता.

बायको टवळीत बसूनच होती. पांढऱ्या गाडीतून विमावाले उतरले, शर्टावर निम्मा केक. ती वळली आणि अगदी मायेनं म्हणाली,

"अहो भावोजी, फोन तरी करायचात! ह्यांना पाठवलं असतं."

पुढचा दिवस रविवार. पहाटे, मेण गार असताना, कवळीवाला वळणावर गुडघ्यांवर बसून सुरीने ते खरवडत होता. बायको शेजारी बादली धरून. ताईने वरून विचारलं, काय चाललंय? बायको म्हणाली, ह्यांचं काहीतरी पडलंय, शोधतोय. खोटं काहीच नव्हतं त्यात.

सोमवारी सकाळी भंगारवाला हातगाडी घेऊन दारात. घंटा वाजलेली, मागे घेणं नाही. त्याने टवळीकडे बघून हात चोळले. "हीच ना?"

"तिला हात लावू नका," बायको म्हणाली. तिने कोपऱ्यातलं फडकं बाजूला केलं. खाली टवळीचा जुना डिफरन्शियल, तेलकट, गोल, गरीब चेहऱ्याचा. "हा न्या."

"चालतो का?"

"चालायला काही झालं नाही त्याला. स्वभाव फार मऊ आहे, एवढंच."

भंगारवाला खो खो हसला. कवळीवाला दारातून वाकला, मान तिरकी करून त्याच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि मग त्याचा चेहरा खुलला.

"अगं, बघ बघ, वरची आपली आहे!"